संप्रेरकांचे विकार : तक्रार एक, कारणे निरनिराळी

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने वैद्यकीय विषयावर लिहावे हे धाडसच होय. तथापि पुढील मजकूर आपल्या रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासून दिला आहे. विषय मात्र मला नोंदणीच्या खिडकीवर मिळाला.

जुन्या नोंदी संगणकावर घेत असताना डोंबिवलीच्या एका तरुणीच्या नावे तीन केसपेपर आढळले. केस गळतात म्हणून त्वचारोग विभागात, पाळी लांबते म्हणून स्त्रीरोग विभागात आणि सततचा थकवा म्हणून मेडिसिन विभागात. तिन्ही ठिकाणी उपचार प्रामाणिकपणे झाले होते. तिन्ही कागद एका टेबलावर मात्र कोणी ठेवले नव्हते. सोनोग्राफीवरून ‘पीसीओएस’ गृहीत धरून दीड वर्ष पाळीच्या गोळ्या चालू होत्या. थायरॉइडची तपासणी झाली तेव्हा ती ग्रंथी मंदावल्याचे दिसले. तिच्या आईने विचारले, “मग आधी सांगितलेला आजार खोटा होता का?” त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

थायरॉइड ग्रंथी मंदावली की थकवा येतो, वजन वाढते, केस विरळ होतात, पाळी अनियमित होते आणि मन उदास राहते. पीसीओएसमध्येही वजन, केस व पाळी यांच्याच तक्रारी असतात. चेहऱ्यावरील राठ केस व मुरुमे ही त्यातील अधिकची खूण. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढले तरी पाळी चुकते. शिवाय थायरॉइडची कमतरता तीव्र असल्यास प्रोलॅक्टिनही वाढते व अंडाशयात पुटके दिसू शकतात. मूळ उपचार सुरू झाल्यावर ही दोन्ही लक्षणे बहुधा ओसरतात. म्हणूनच 2003 साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांत पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील चित्र या तिहींपैकी दोन गोष्टी मागितल्या आहेत. आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन आदी अन्य कारणे आधी वगळावीत असेही म्हटले आहे. केवळ सोनोग्राफीच्या अहवालावर निदान पुरे होत नाही.

निकष बदलले की आकडाही बदलतो, हे आम्हा हिशेबनिसांना नवे नाही. आपल्याच मध्य रेल्वेच्या मार्गावरील परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतील 15 ते 24 वर्षे वयाच्या मुलींची पाहणी करून 2014 साली ती प्रसिद्ध केली. रॉटरडॅम निकषांनी 22.5 टक्के मुलींत पीसीओएस आढळला. पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य अनिवार्य मानणाऱ्या दुसऱ्या निकषांनी 10.7 टक्के. मुली त्याच होत्या. थायरॉइडही दुर्मीळ नव्हे : मुंबईसह आठ शहरांच्या 2013 सालच्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांत त्याची कमतरता दिसली. तेव्हा दोन्ही विकार एकाच व्यक्तीत असणे सहज शक्य आहे. त्या माउलीला द्यावयाचे उत्तर हेच होते : आधीचे निदान खोटे असेलच असे नाही, ते अपुरे होते, आणि थायरॉइड स्थिरावल्यावर ते पुन्हा पडताळावे लागणार होते.

निदान झाल्यानंतर खरी कसोटी घरातच लागते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहापूर्वी किमान अर्धा तास घ्यावयाची. पहाटेची लोकल गाठणाऱ्या भगिनींना हा अर्धा तास सापडत नाही. गोळी चहाबरोबर घेतली जाते आणि पुढील तपासणीत डोस अकारण वाढतो. उशाशी गोळी व पाण्याचा तांब्या ठेवून जाग येताच ती घेणे, हा एका रुग्णभगिनीनेच सांगितलेला उपाय आमच्या परिचारिका आता सर्वांना सांगतात. लोह वा कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचे अंतर असावे. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्याने थायरॉइडचा अहवाल फसवा येऊ शकतो. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी पुनर्तपासणी केल्यास पैसे मात्र खर्च होतात. पीसीओएस असलेल्यांनी रक्तशर्कराही वेळोवेळी तपासून घ्यावी. हा विकार केवळ पाळीचा नव्हे.

देणगीदारांच्या औदार्यातून आता अशा तक्रारींच्या पहिल्याच भेटीत गरजू रुग्णांची थायरॉइड तपासणी करता येते, आणि एका रुग्णाला एकच क्रमांक दिला जातो. ठाण्याहून वा कल्याणहून येताना कुटुंबीयांनी अन्य दवाखान्यांचे जुने अहवाल व चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून सोबत आणावीत. ती पिशवी प्रथम नोंदणीच्या खिडकीवर उघडली जाईल.