बचत कोणाच्या ओळखीने ठेवायची?

धाराशिव, म्हणजे कालपरवापर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आपल्या समाजातील पगारदारांची एक पिढी निवृत्त झाली आणि दुसरी पिढी आता नोकरीत स्थिरावली आहे. कोणी जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, कोणी एस.टी.चा वाहक, कोणी परिचारिका, कोणी पोलीस शिपाई. बाप सालगडी होता नाहीतर ऊसतोडीला जात होता. मुलाच्या खात्यावर मात्र दरमहा पगार जमा होतो. शिल्लक राहिलेल्या या पैशाचे करायचे काय, असे आम्हांला वारंवार विचारले जाते. अलीकडे या प्रश्नात एक नवा शब्द आला आहे, इंडेक्स फंड. "घ्यावा का? बुडणार तर नाही ना?"

बुडण्याचे म्हणाल तर आधी आजवर बुडाले कुठे ते पाहू. सरकारी रोखे घेऊन देतो असे सांगून होम ट्रेड या दलाल कंपनीने नागपूर, वर्धा आणि आपल्या उस्मानाबादच्या जिल्हा मध्यवर्ती बँकेचे कोट्यवधी रुपये अडकवले, ते 2002 साली उघड झाले. याच उस्मानाबाद बँकेचे तेरणा आणि तुळजाभवानी साखर कारखान्यांकडील कर्ज थकले, आणि ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी हेलपाटे घालत राहिले. पर्ल्सचे एजंट गावोगाव फिरले. 2014 मध्ये सेबीने त्या कंपनीला गुंतवणूकदारांचे सुमारे 49 हजार कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. आणि आता बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार दारोदार फिरत आहेत. यांपैकी कोणीही शेअर बाजारात पैसे लावायला गेले नव्हते. पाहुणा एजंट होता, शाखेचा मॅनेजर गावचा होता, चेअरमन 'आपला माणूस' होता, म्हणून पैसे दिले गेले. बँकेतील ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेला आणि मल्टिस्टेटला ते नसते, हे त्या पाहुण्याने कधी सांगितले काय?

ओळखीच्या व्यवहाराची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः भोगली आहे. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत परतल्यावर, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी, त्यांनी शेअर बाजारातील व्यवहारांवर सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला सल्लागार! सल्ला चांगला होता, गिऱ्हाइके येत होती. परंतु सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके बंद झाली, पेढीही बंद पडली. तेव्हा शेअर बाजार हा आपला विषयच नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

इंडेक्स फंडाला मात्र कोणाची ओळखच लागत नाही, आणि आम्हांला त्यात महत्त्वाचे वाटते ते हेच. निफ्टी म्हणजे देशातील 50 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, सेन्सेक्स 30 कंपन्यांचा. इंडेक्स फंड या सगळ्या कंपन्यांचे शेअर ठरलेल्या प्रमाणात घेऊन ठेवतो. कोणती कंपनी चांगली हे ठरवणारा हुशार माणूस त्यात नसतो, म्हणून खर्च कमी. सत्यमचा घोटाळा जानेवारी 2009 मध्ये बाहेर आला, तेव्हा ज्याने सगळी पुंजी सत्यममध्ये घातली होती तो संपला. निर्देशांकातून ती कंपनी काढली गेली, तिच्या जागी दुसरी आली, आणि इंडेक्स फंड घेतलेल्या माणसाचे थोडेच नुकसान झाले. (या 50 कंपन्यांच्या संचालक मंडळांत आपली माणसे किती, हा प्रश्न आम्ही सोडलेला नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

शिवाय अनेकांना ठाऊक नाही, पण त्यांचा पैसा आधीच बाजारात आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीस लागलेल्या ज्या कर्मचाऱ्यांची कपात राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जाते, त्यातील काही भाग शेअरमध्ये असतो. भविष्य निर्वाह निधी संघटनाही 2015 पासून नव्या जमेतील काही हिस्सा सेन्सेक्स-निफ्टीवर चालणाऱ्या फंडांत घालते. म्हणजे कारखान्यातील कामगारही न विचारता इंडेक्सवाला झालेला आहे.

म्हणून डोळे झाकून उडी मारावी काय? मुळीच नाही. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8 हजारांजवळ आला होता, आणि 21 हजारांच्या वर टिकून राहायला 2014 उजाडले. पुढे 2024 मध्ये त्याने 80 हजार ओलांडले हे खरे. पण मधल्या काळात ज्याच्या मुलीचे लग्न होते त्याला ते 80 हजार काय कामाचे? घराचा स्लॅब, लग्न, मुलाची फी, जो पैसा पाच-सात वर्षांत लागणार तो येथे घालू नये. त्याआधी सावकार मिटवावा. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला 36 टक्के. एवढे देणारा फंड जगात नाही. मग सहा महिन्यांचा घरखर्च पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत. त्यानंतर जे उरेल, आणि दहा-पंधरा वर्षे ज्याची आठवणही काढावी लागणार नाही, तेवढेच.

महिना 500 रुपयांनीही सुरुवात होते. 'डायरेक्ट' हा शब्द मात्र पाहून घ्यावा; 2013 पासून ही सोय आहे आणि तिच्यात एजंटाचे कमिशन नसते. महिना 1,000 रुपये 15 वर्षे भरले आणि वर्षाला 10 टक्के वाढ धरली (हमी कोणीही देत नाही), तर सुमारे 4 लाख 14 हजार होतात. त्यातला एक टक्का मधल्या माणसाला गेला तर 3 लाख 78 हजार. हे 36 हजार कोणाचे, ते ज्याने त्याने ठरवावे.

तरुणांना एक सांगणे आहे. मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करणे म्हणजे गुंतवणूक नव्हे. सेबीनेच 2024 मध्ये सांगितले की, आधीच्या तीन वर्षांत अशा सौद्यांत पडलेल्या 100 पैकी 93 जणांनी पैसे घालवले. 'टिप' देणाऱ्या ग्रुपमधून आजच बाहेर पडा.

पॅन, आधार आणि बँकेचे खाते एवढ्यावर काम होते. अर्जात वारसाचा रकाना रिकामा सोडू नये. पुरुष वाचकांनी तेथे पत्नीचे नाव घालावे, फोलिओ क्रमांक घरच्या वहीत लिहावा आणि ती वही तिला दाखवावी. बचत गटात महिना शंभराचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईला हा हिशेब अवघड नाही. तिने स्वतःच्या नावाने वेगळे खाते उघडले तर अधिकच बरे.