'टेक इन' : आश्रय की फसवणूक?

वडील लवकर वारले, चुलत्यांनी घरी नेऊन शिकविले. असा एखादा कृतज्ञ तरुण नोकरीच्या अर्जात लिहितो, 'आय वॉज टेकन इन बाय माय अंकल.' 'चुलत्यांनी मला आश्रय दिला' हे त्यास सांगावयाचे असते. परंतु 'चुलत्यांनी मला फसविले' असाही या शब्दांचा अर्थ होतो, आणि वाचणाराच्या मनात तो तितक्याच सहज येतो. ज्यांनी पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले त्यांच्यावर केवढा हा आळ! 'माय अंकल गेव्ह मी अ होम' असे लिहिले असते तर संशयास जागाच राहिली नसती.

'टेक' म्हणजे घेणे, 'इन' म्हणजे आत. तळाला भोक पडलेले जहाज पाणी आत घेते. शिंपी सैल झगा शिवणीत आत घेऊन अंगासरसा करतो. गृहस्थ निराश्रितास घरात घेतो. ऐकलेले ध्यानात घेणे हेही 'टेक इन'च. येथवर मूळ अर्थाचा धागा तुटत नाही. फसविण्याचा अर्थ तेवढा परका वाटतो. पण आपणही भोळ्या माणसाला 'जाळ्यात ओढतो'च की! हा अर्थ जुनाही आहे. जेन ऑस्टिनच्या १८१४ सालच्या 'मॅन्सफील्ड पार्क' कादंबरीतील मेरी क्रॉफर्ड हे क्रियापद याच अर्थाने योजते, आणि तेही लग्नाविषयी बोलताना!

अशा जोडक्रियापदांनी परकीयांची फार अडचण होते, हे डॉ. जॉन्सनने १७५५ सालीच आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत मान्य केले होते. त्यांचे 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच अलीकडचे. लोगन पिअर्सल स्मिथच्या १९२५ सालच्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या ग्रंथात ते आढळते. मुलांकडून त्यांच्या अर्थांच्या याद्या घोकून घेण्याची जी चाल आहे, ती आम्हांस मुळीच पसंत नाही. कोणी, कोणाला, कशाने 'टेक इन' केले हे पाहावयास शिकवावे. वाक्यात अनाथ बालक व दयाळू वृद्धा असली तर आश्रय. गोड गोड भाषण असले तर बहुधा फसवणूक.

मराठीत तरी दुसरे काय आहे? 'दोन घास पोटात घाला' असे आपण पाहुण्यांस म्हणतो आणि 'एवढा अपराध पोटात घाला' असे वडील माणसांस विनवितो. क्रियापद तेच, पोटही तेच. मराठी शिकणारा इंग्रज नुसता कोश उघडून बसला, तर अपराध कशाशी लावून खातात हे त्यास कोण सांगणार?