हॉल सरळ चौकोनी नाही? मग फरशीचा खर्च असा काढा

नवीन टाइल्स बसवायच्या म्हटलं की कंत्राटदार टेप लावतो, सगळ्यात जास्त लांबी आणि सगळ्यात जास्त रुंदी यांचा गुणाकार करतो आणि आकडा सांगतो. हॉल एल आकाराचा असेल किंवा एखादी भिंत तिरकी असेल, तर या हिशेबात नसलेल्या जमिनीचेही पैसे जातात.

समजा, हॉल 18 बाय 14 फूट, म्हणजे 252 चौरस फूट सांगितला. प्रत्यक्षात 18 बाय 10 चा आयत (180) आणि त्याला लागून 4 फूट खोल डायनिंगचा कोपरा आहे. कोपऱ्याची एक भिंत तिरकी. समांतर बाजू 8 आणि 6 फूट. सरासरी 7 गुणिले 4, म्हणजे 28. एकूण 208. शाळेतला समलंब चौकोन असा कामाला येतो!

कापाकापी, तुटफूट यासाठी 10 टक्के धरले की सुमारे 229. इथे एक गोम आहे. ‘2 बाय 2’ म्हणून मिळणारी टाइल सहसा 600 मिलिमीटरची असते. त्यामुळे चार टाइल्सच्या बॉक्समध्ये 16 नव्हे, 15.5 चौरस फूट भरतात. म्हणजे 15 बॉक्स.

बॉक्स 900 रुपये आणि मजुरी चौरस फुटाला 30 रुपये धरू. 13,500 अधिक 6,240, एकूण 19,740 रुपये. कंत्राटदाराच्या मापाने 18 बॉक्स आणि 23,760 रुपये! सिमेंट-वाळू वेगळी, स्कर्टिंगचं माप रनिंग फुटात.

टेपवर 10 फूट 6 इंच आलं तर 10.5 लिहा, 10.6 नाही. (इंजिनीअर होऊनही ही चूक मी केली आहे.) उरलेल्या टाइल्स जपून ठेवा, नंतर त्याच शेडचा लॉट मिळेलच असं नाही.