कान, किंमत आणि पडदा

पुण्याला आपल्या कानाचा अभिमान आहे, आणि तो अगदीच अनाठायी नाही. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवाने येथे श्रोत्यांच्या पिढ्या घडविल्या. अशा श्रोत्याने तापकीर गल्लीत किंवा मित्राच्या दिवाणखान्यात दोन अ‍ॅम्प्लिफायर आळीपाळीने ऐकून ‘हा मोकळा वाजतो, तो कोंदट’ असा निर्वाळा दिला, तर त्याला हटकणार कोण? परंतु त्या निर्वाळ्यावर पगारदार माणसाची कित्येक महिन्यांची शिल्लक खर्ची पडते. म्हणून तो तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

कानाच्या अनुभवाला मोजमापाची जोड देण्याची रीत येथे नवी नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० साली पुण्यातच प्रसिद्ध झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाच्या आधारे त्यांनी स्वरांची मोजणी केली. निष्कर्षांवर वाद झाले. पण कानाचा दावा पडताळता येतो, ही भूमिका मोलाची होती.

अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत अशी पडताळणी परदेशात झाली आहे. १९७८ साली इंग्लंडमध्ये ‘क्वाड’ कंपनीचे एक व्हॉल्व्हचे आणि दोन ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर जाणकारांना पडद्याआड ऐकविण्यात आले. ते त्यांना खात्रीने ओळखता आले नाहीत. १९८७ साली ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने २२० पासून १२,००० डॉलरपर्यंतचे सहा अ‍ॅम्प्लिफायर पंचवीस श्रोत्यांपुढे ठेवले. त्यांची एकूण उत्तरे नाणेफेकीच्या जवळपासच राहिली.

मग रोज जाणवणारा फरक येतो कोठून? पहिले कारण आवाजाची पातळी. एक अ‍ॅम्प्लिफायर किंचित मोठा वाजत असेल, तर तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. म्हणून स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टेज सुमारे एक टक्क्याच्या आत जुळवून घ्यावे लागते, आणि दुकानात हे सहसा होत नाही. दुसरे कारण नाव आणि किंमत. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकले नाही तर परीक्षकाचा हातही नकळत सैल किंवा आखडता होतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. तिसरे कारण योगायोग. दहापैकी सात उत्तरे बरोबर आली की माणूस खूश होतो. पण निव्वळ अंदाजानेही सात किंवा अधिक उत्तरे सहापैकी एका खेपेस बरोबर येतात.

याचा अर्थ सारे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच, असा मात्र नव्हे. कुवतीबाहेर आवाज वाढविला की ध्वनी फाटतो. काही व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरनुसार ध्वनीचा तोल बदलतात. हे फरक मोजताही येतात आणि ऐकूही येतात. शिवाय एखाद्या चाचणीत फरक आढळला नाही, एवढ्याने तो कोणालाच कधी ऐकू येणार नाही, असे सिद्ध होत नाही. परंतु ज्या फरकासाठी दुप्पट-चौपट पैसे मागितले जातात, तो पडदा टाकताच नाहीसा होत असेल, तर पुराव्याची जबाबदारी विकणाऱ्याचीच होय.

स्पीकर आणि खोली यांमुळे पडणारा फरक मात्र मोठा असतो; खर्च करावयाचा तर तेथे करावा. कानावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. कान निकाल देत असताना डोळे मिटलेले असावेत, एवढेच मागणे आहे.