केशराचा कंद आणि धम्माचा वारसा

केशर हा शब्द आपल्या घरांत फार जुना नाही. श्रीखंडावर चार काड्या पडाव्यात एवढी ऐपत आपल्या वाडवडिलांची नव्हती. तरीही केशराचा बौद्ध परंपरेशी प्राचीन संबंध आहे. तो उमजण्यासाठी आधी ती वनस्पती समजून घ्यावी लागते.

केशराचे शास्त्रीय नाव क्रोकस सॅटायव्हस. क्रोकसच्या अनेक जाती वसंतात, बर्फ वितळताच फुलतात. केशर मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते. उन्हाळाभर त्याचा कंद जमिनीखाली निद्रिस्त असतो आणि हवा थंडावली की जांभळे फूल वर येते. त्यातील तीन लाल तंतू म्हणजेच केशर. काश्मिरात पांपोरच्या पठारावर पहाटे फुले खुडतात आणि घरातील स्त्रियांसह सारे कुटुंब हाताने तंतू वेगळे करते. एक किलो वाळलेल्या केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात. केशराच्या किमतीत या श्रमाचा वाटा फार मोठा आहे.

या वनस्पतीला बी धरत नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने ती निर्बीज असते. दर हंगामात जुना कंद झिजून जातो व त्याच्या माथ्यावर नवे कंद तयार होतात. ते काही वर्षांनी खणून, निवडून पुन्हा लावावे लागतात. नाही तर दाटी होऊन फुले घटतात. पाणी साचले तर कंद कुजतात. केशर रानात आपोआप उगवत नाही. जगातील प्रत्येक केशरमळा कोणीतरी कोणाला दिलेल्या बेण्यातून उभा राहिला आहे.

काश्मिरात हे बेणे कोणी आणले? महावंसानुसार पाटलिपुत्र येथील तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर स्थविर मज्झंतिक काश्मीर-गांधारला गेले. त्याच वेळी महाधम्मरक्खित महारट्ठात, म्हणजे आपल्या भूमीत आले. मूलसर्वास्तिवादी परंपरेतील कथा सांगते की, मज्झंतिकांनी (संस्कृतात मध्यांतिक) काश्मिरात लोकवस्ती केली आणि त्या लोकांच्या उपजीविकेसाठी गंधमादन पर्वतावरून केशर आणून लावले. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून आम्ही ही कथा इतिहास म्हणून सांगत नाही. तिच्यात नागराजा आहे, चमत्कारही आहेत. पण कथा रचणाऱ्यांना धम्मोपदेशकाने लोकांच्या भाकरीचीही सोय करावी असे वाटले, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवण्याजोगी आहे.

भिक्खूंची चीवरे केशराने रंगवलेली असतात, हा समज मात्र दूर व्हायला हवा. विनयपिटकातील महावग्गात मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ यांपासून केलेल्या सहा प्रकारच्या रंगांना अनुमती आहे. काषाय हा साध्या, सहज मिळणाऱ्या वस्तूंचा रंग होता. अपरिग्रही संघाने इतका महाग रंग वापरणे त्याच्या जीवनपद्धतीत बसणारेही नव्हते.

आपल्या शेतकरी पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. अलीकडे महाराष्ट्रातही वातानुकूलित बंद खोलीत केशर फुलवण्याचे प्रयोग झाले आहेत. कंदात साठवलेल्या अन्नावर मातीविना फूल येते, हे खरे. परंतु पुढच्या वर्षीचे कंद पोसण्यासाठी पाने वाढावी लागतात आणि त्यासाठी माती, प्रकाश व थंडी लागते. एका ग्रॅमला दीडशे फुले, हा हिशेब आधी मांडावा. बेण्याचा आणि विजेचा खर्च त्यात धरावा. मगच कर्ज काढण्याचा विचार करावा. आपल्या हवामानात निशिगंधाचा कंद अशा खोलीवाचून फुलतो. विकत घेताना सावध राहावे. करडईच्या वाळलेल्या पाकळ्या केशर म्हणून खपवल्या जातात.

केशराचे रोप वाऱ्यावर बी सोडू शकत नाही. त्याला पुढे नेणारे हात लागतात. ज्यांच्या घरात पूर्वी पुस्तक नव्हते, त्यांच्या शिक्षणाचेही असेच आहे. पहिल्या पिढीने शिकले म्हणून दुसरी आपोआप शिकत नाही, आणि आपल्या घरात आले म्हणून शेजारच्या वस्तीत पोहोचत नाही. या वसतिगृहातून शिकून नोकरीला, व्यवसायाला लागलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका तरी मुलाचा किंवा मुलीचा हात धरून त्यांना शाळेच्या दारापर्यंत आणावे, एवढेच आमचे मागणे आहे.