पाणबुडीच्या पोटातील वीज

गडहिंग्लज हे गाव हिरण्यकेशीच्या काठी वसलेले आहे. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी अरबी समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन घटप्रभेला मिळते. अशा नदीकाठच्या गावातील एखाद्या मुलाने पाणबुडीचा नाद घ्यावा, याचे कोणालाही नवल वाटेल. परंतु समुद्र जवळ आहे की दूर, हे पाहून काही हौस जन्म घेत नाही. प्लॅस्टिकच्या नळाचा एक तुकडा, लहानशी मोटर, पितळेचा पंखा आणि बिनतारी संदेश पाठवणारे व घेणारे यंत्र एवढे साहित्य जमले, की पाणबुडीची प्रतिकृती तयार करता येते. काठावर उभे राहून कळ दाबावी आणि ती पाण्याखाली दिसेनाशी व्हावी. पुन्हा कळ दाबावी आणि ती वर यावी. बुडवणे सोपे आहे. ती वर येईल की नाही, हे मात्र पुष्कळ अंशी तिच्या पोटातील बॅटरीवर अवलंबून असते.

साध्या होडीची बॅटरी संपली, तर होडी जागच्या जागी तरंगत राहते. वारा तिला केव्हा तरी काठाला लावतो. पाणबुडीचे तसे नाही. पाण्याखाली असताना तिची वीज संपली, तर आत घेतलेले पाणी बाहेर टाकणारा पंप बंद पडतो, संदेश घेणारे यंत्र मुके होते, आणि कित्येक आठवड्यांच्या खटपटीने तयार झालेली वस्तू तळाच्या गाळात जाऊन बसते.

खऱ्या पाणबुडीतही बॅटरीचे महत्त्व असेच आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ साली मुंबईच्या दक्षिणेस खांदेरी बेटावर जलदुर्ग उभारण्यास आरंभ केला. त्या दुर्गाचे नाव धारण करणारी ‘आयएनएस खांदेरी’ ही पाणबुडी मुंबईतील माझगाव गोदीत बांधली गेली आणि २८ सप्टेंबर २०१९ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्यात डिझेलची इंजिने आहेत. पण इंजिनाला माणसाप्रमाणेच हवा लागते. म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाजवळ असताना इंजिने चालवून बॅटऱ्या भरून घ्यायच्या, आणि खोल पाण्यात गेल्यावर त्या साठवलेल्या विजेवर मोटर चालवायची, अशी ही योजना आहे. खांदेरीच्या पोटात ३६० विद्युत्‌घट आहेत व त्यांतील प्रत्येकाचे वजन ७५० किलोग्रॅम आहे. म्हणजे एकंदर भार २,७०,००० किलोग्रॅम, किंवा २७० टन झाला! पाण्यावर तरंगताना ही पाणबुडी सुमारे १,६०० टन वजनाची असते. तिच्या वजनाचा जवळजवळ सहावा हिस्सा केवळ विद्युत्‌घटांचा आहे.

इतके वजन वाहून नेण्यात शहाणपण ते कोणते, असा प्रश्न येथे सहज पडेल. विमानाच्या प्रतिकृतीत बॅटरी जितकी हलकी तितकी चांगली. पाणबुडीत मात्र हा नियम उलटा होतो. पाण्यात बुडालेली वस्तू स्वतःच्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारते, आणि त्या पाण्याच्या वजनाएवढ्या बलाने पाणी तिला वर ढकलते, हे आर्किमिडीजचे तत्त्व सर्वांना ठाऊक आहे. ११० मिलिमीटर व्यासाच्या नळाचा ८५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा दोन्ही तोंडे बंद करून घेतला, तर त्याचे आकारमान सुमारे ८ लिटर भरते. ८ लिटर पाण्याचे वजन ८ किलोग्रॅम. तेव्हा ही पाणबुडी बुडायची असेल, तर तिचे वजनही ८ किलोग्रॅम झालेच पाहिजे. आतील टाकीत अर्धा लिटर पाणी मावत असेल, तर टाकी मोकळी असताना ती साडेसात किलोग्रॅमची असावी. म्हणजे टाकी भरली की ती बुडेल आणि रिकामी झाली की वर येईल. पोकळ नळात साडेसात किलोग्रॅम वजन आणायचे कोठून? बॅटरी जड असेल, तर तेवढे शिसे वेगळे भरावे लागत नाही.

बॅटरी निवडताना दोन आकडे पाहावे लागतात. व्होल्टचा आकडा विजेचा दाब दाखवतो, तर अँपिअर-तासाचा आकडा तिचा साठा दाखवतो. मोटर १२ व्होल्टची असेल, तर शिसे व गंधकाम्ल यांच्या ६ व्होल्टच्या दोन बंदिस्त बॅटऱ्या घेऊन एकीचे धन अग्र दुसरीच्या ऋण अग्राला जोडावे. अशा एकसर जोडणीत व्होल्ट वाढतात, साठा मात्र तेवढाच राहतो. ४ अँपिअर-तासाच्या अशा दोन बॅटऱ्यांचे वजन दीड किलोग्रॅमच्या आसपास होते, आणि आडव्या ठेवल्या तर त्या वरील नळात बसतात. मोटर २ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर कागदावरच्या हिशेबाने ती दोन तास चालावी. येथे पुष्कळांची फसगत होते. बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा तिला २० तासांत सावकाश रिकामी करून काढलेला असतो. प्रवाह जोराने घेतला, की तीच बॅटरी कमी वीज देते. त्यामुळे प्रत्यक्षात सव्वा तास मिळाला तरी पुष्कळ झाले. पाऊण तासात पाणबुडी काठाला आणावी हे बरे.

निकेल-मेटल हायड्राइडचे घट यापेक्षा हलके असतात. त्यांतील प्रत्येक घट १.२ व्होल्टचा असल्यामुळे १२ व्होल्टसाठी असे १० घट लागतात. त्यांच्यामुळे वाचलेले वजन शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढावे लागते; परंतु त्या पट्ट्या अगदी तळाशी ठेवता येतात, हा एक फायदाच होय. लिथियमच्या बॅटऱ्या सर्वांत हलक्या आणि जोमदार खऱ्या. पण त्या ठेचल्या, अती भरल्या किंवा त्यांची अग्रे एकमेकांना टेकली, तर त्या पेट घेऊ शकतात. बंद नळाच्या पोटात असे घडणे परवडणारे नाही. नवशिक्याने त्यांच्या वाटेस न गेलेलेच बरे.

आता बॅटरी बसवण्याविषयी. तिची जागा नळाच्या तळाशी आणि बरोबर मध्यरेषेवर असावी. जड भाग खाली राहिला, की पाणबुडी कलली तरी आपोआप सरळ होते; तोच वर गेला, की ती पोट वर करून उलटते. पुढेमागे जागा ठरवताना तिला पाण्याच्या हौदात ठेवून पाहावे. नाक खाली गेले, तर बॅटरी थोडी मागे सरकवावी. शेपूट खाली गेले, तर पुढे. दीड किलोग्रॅमची बॅटरी केवळ २ सेंटिमीटर सरकवली, तरी १५० ग्रॅमचे वजन २० सेंटिमीटर सरकवल्याइतका परिणाम होतो. योग्य जागा सापडली, की बॅटरी पट्ट्याने घट्ट आवळून टाकावी. हे काम कंटाळवाणे वाटते खरे. पण सैल बॅटरीसारखा दगा दुसरे काहीच देत नाही. बुडी मारताना नाक किंचित खाली झाले, की सैल बॅटरी पुढे घसरते. ती घसरली, की नाक आणखी खाली जाते. आणि पाणबुडी भाल्यासारखी तळात रुतते.

धन अग्रापासून निघणाऱ्या तारेवर, अग्राच्या अगदी जवळ, फ्यूज बसवलाच पाहिजे. दोन तारा चुकून एकमेकींना टेकल्या, तर फ्यूजमधील बारीक तार वितळते आणि प्रवाह तुटतो. फ्यूज नसेल तर जाड तारही लाल होऊन तिचे वेष्टन जळू लागते. खऱ्या पाणबुडीत अशा आगीची किंमत माणसांनी मोजली आहे. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘आयएनएस सिंधुरत्न’ ही पाणबुडी मुंबईजवळच्या समुद्रात असताना तिच्या अंतर्भागात आग लागून धूर कोंडला. त्यात कपीश मुवाल आणि मनोरंजन कुमार या दोन तरुण अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले.

शिशाची बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघू शकतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ च्या वर गेले, तर एक ठिणगीही स्फोटाला पुरे होते. म्हणून मोठ्या पाणबुडीत बॅटरीच्या दालनातील हवा सतत खेळती ठेवून या वायूचे प्रमाण मोजत राहतात. बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले, तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो, तो धोका निराळाच. प्रतिकृतीची बॅटरी नळाबाहेर काढून, मोकळ्या हवेत भरावी. झाकण लावून भरू नये.

हिरण्यकेशीकाठच्या मुलाला एका बाबतीत मात्र समुद्रकाठच्या मुलापेक्षा अधिक सोय आहे. २७ मेगाहर्ट्‌झसारख्या कमी कंपनसंख्येच्या बिनतारी लहरी गोड्या पाण्यात काही अंतर शिरतात. खारे पाणी त्यांना वीतभर अंतरातच गिळून टाकते. तीच पाणबुडी वेंगुर्ल्याच्या समुद्रात नेली, तर पाण्याखाली जाताच तिला काही ऐकू येईनासे होईल. आजकालच्या खेळण्यांत वापरल्या जाणाऱ्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी तर गोड्या पाण्यातही टिकत नाहीत. म्हणून संदेश थांबला, किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब ११ व्होल्टपर्यंत उतरला, की पंप आपोआप सुरू होऊन टाकी रिकामी होईल, अशी योजना आधीच करून ठेवतात. पंप चालण्यापुरती वीज शिल्लक असतानाच हे झाले पाहिजे.

पहिली चाचणी नदीच्या डोहात किंवा विहिरीत घेऊ नये. कमरेएवढ्या हौदात, वडील माणूस जवळ असताना, पाणबुडीच्या शेपटाला मजबूत दोरी बांधून ती घ्यावी. वर आल्यावर झाकण उघडून आतील कापूस ओला झाला आहे काय ते पाहावे. तो कोरडा निघाला, की व्होल्टमापकाने बॅटरीचा दाब मोजून, तो वेळेसह वहीत लिहून ठेवावा आणि बॅटरी त्याच दिवशी पुन्हा भरावी. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली, तर ती हळूहळू निकामी होते. दोरी मात्र दुसऱ्या व तिसऱ्या चाचणीतही सोडू नये.