शिक्षणाचं कर्ज पुन्हा पुन्हा नाकारलं जातं तेव्हा



बियाणं, खतं, फवारणी यांची माहिती आपण या पत्रकातून नेहमीच घेतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. मुलगी बारावी झाली, चांगले गुण पडले, इंजिनियरिंगला नंबर लागला. घरात पेढे वाटले. मग फीचा आकडा समोर आला. बँकेत गेलात, साहेब म्हणाले, "बसत नाही." दुसऱ्या बँकेत गेलात, तिथंही तेच. शेवटी खाजगी फायनान्स कंपनीत गेलात. त्यांनी आधार, पॅन घेतलं आणि आठ दिवसांनी मोबाईलवर एक ओळ आली : 'अर्ज नामंजूर'. का, ते कुणी सांगितलं नाही. इकडे प्रवेशाची तारीख जवळ आलेली, आणि मुलगी म्हणू लागते, "राहू द्या आप्पा, मी इथंच काहीतरी शिकते."

अशा वेळी चीड येते, लाजही वाटते. पण एक विचार करा. पेरलेलं उगवलं नाही, तर आपण लगेच त्याच तासात दुसरं बी टाकतो का? नाही. आधी माती उकरून पाहतो. बी कुजलं, किड्यानं खाल्लं की ओल कमी पडली, ते बघतो आणि मगच दुबार पेरणी करतो. कर्जाच्या अर्जाचंही तसंच आहे. नकाराचं कारण समजल्याशिवाय पुढचा अर्ज टाकू नका.

कारण लेखी मागा

बहुतेक बँकांचं शैक्षणिक कर्ज इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेप्रमाणे चालतं. या योजनेत अर्जाचा निकाल साधारण १५ दिवस ते एक महिना एवढ्या मुदतीत लावावा, आणि वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय अर्ज नाकारू नये, असं सांगितलेलं आहे. "तुमचं गाव आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही," एवढ्यावरूनही शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारता येत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच तसं बजावलं आहे.

म्हणून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज लेखी द्या, नाहीतर केंद्र सरकारच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरा. पोच घ्या. नकार आला तर साध्या कागदावर लिहून द्या : "माझा अर्ज कोणत्या कारणानं नामंजूर झाला ते लेखी कळवावे." भांडण नको, आवाज चढवणं नको; कागद बोलला पाहिजे.

नकाराची नेहमीची कारणं आणि त्यावरचे उपाय

१. जुनी थकबाकी आणि जामीनकी. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. त्यामुळे बँक त्यांचाही कर्जाचा इतिहास पाहते. हा इतिहास सिबिलसारख्या कंपन्यांकडे असतो आणि त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण दिले जातात. कर्जमाफी होईल या आशेनं भरायचं राहिलेलं पीक कर्ज, ट्रॅक्टरचे चुकलेले हप्ते, तडजोडीत मिटवलेलं खातं, हे सगळं तिथं दिसतं. भाऊबंदाला जामीन राहिला असाल आणि त्यानं कर्ज थकवलं, तर तो डागही तुमच्या नावावर येतो.

उपाय असा. अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम आहे. तो काढा आणि घरातल्या शिकलेल्या पोराकडून ओळ अन् ओळ वाचून घ्या. फेडलेलं किंवा माफ झालेलं कर्ज अजून बाकी दिसत असेल, तर सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला जोडून तक्रार करा. ही तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. थकबाकी खरी असेल तर आधी ती भरा. त्याला आडवाट नाही.

२. उत्पन्न आहे, पण कागदावर नाही. खाजगी कंपन्या पगाराची चिठ्ठी नाहीतर आयकराचं विवरण मागतात. शेतकऱ्याकडे यातलं काहीच नसतं. मग चार एकर बागायत असूनही तुम्ही त्यांच्या हिशेबी बिनउत्पन्नाचे ठरता. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ, कारखान्याची उसाची बिलं, डेअरीची दुधाची बिलं, आडत्याच्या पट्ट्या हे सगळं तारीखवार लावून फाईल करा. आणि आजपासून पैसा शक्यतो खात्यावरच घ्या. रोख घेतलेली पट्टी बँकेला दिसत नाही. मामा किंवा थोरला भाऊ नोकरीत असेल, तर तो सहकर्जदार चालेल का, हेही विचारा.

३. जमिनीचं तारण. "माझी जमीन लाखांची आहे, मग कर्ज का नाही?" हा प्रश्न हमखास येतो. वसुलीसाठी बँका २००२ चा सरफेसी कायदा वापरतात. शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. हे कलम आपल्या रक्षणासाठी आहे. पण त्यामुळेच बऱ्याच बँका शेतजमीन तारण घ्यायला तयार नसतात. म्हणून जमिनीवर भिस्त ठेवण्यापेक्षा विनातारण मर्यादा पाहा. आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि पदरचा हिस्साही लागत नाही. पुढं साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी केंद्राचा पतहमी निधी आहे, त्याखाली विनातारण कर्ज देता येतं. बँकेत गेल्यावर या निधीचं नाव घेऊन विचारा.

४. कॉलेज कोणतं आणि प्रवेश कसा. गुणवत्तेवर मिळालेल्या प्रवेशाला बँक लवकर तयार होते. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला अडचण येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक चांगल्या संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल, तर तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज देण्याची ही योजना आहे. सुरुवातीच्या यादीत ८६० संस्था होत्या. आपलं कॉलेज यादीत आहे का, ते प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याआधी बघा, नंतर नव्हे.

५. एकामागून एक अर्ज. ही चूक फार जण करतात. एकानं नाकारलं की दुसरा, मग तिसरा, मग मोबाईलवरचं ॲप. प्रत्येक अर्जाची चौकशी आपल्या नोंदीत चढते. थोड्या दिवसांत पुष्कळ चौकश्या झाल्या की गुण घसरतात, आणि पाचवा नकार पहिल्या चारांमुळेच येतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिला तर मात्र गुण कमी होत नाहीत.

मोठं कर्ज लागतंच का?

अर्जाआधी फीचा आकडा कमी होतो का ते पाहा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर होतात. १० लाख मागून नकार घेण्यापेक्षा हिशेब करून ३ लाख मागितले, तर ते विनातारण मर्यादेत बसतात.

व्याजाचंही विचारा. तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी, घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. ही सवलत बँकेच्या योजनेतल्या कर्जाला आहे. खाजगी कंपनीचं कर्ज घेतलं तर ती मिळेल असं धरून चालू नका.

घाईत सही नको

नकारांनी थकलेला माणूस मिळेल ते कर्ज घेतो, आणि आगीतून फुफाट्यात पडतो. खाजगी कंपनीकडून घ्यावंच लागलं, तर सहीआधी महत्त्वाच्या बाबींचं पत्रक मागा. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून वर्षाला किती टक्के पडतात ते त्यात लिहिलेलं असतं. शिक्षण चालू असतानाच हप्ता सुरू होतो का, तेही विचारा. "मंजूर करून देतो, आधी पाच हजार टाका," म्हणणाऱ्या एजंटाला उंबऱ्याच्या बाहेरच ठेवा.

तरीही दाद लागली नाही तर

आधी बँकेच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र एक ध्यानात ठेवा. कर्ज द्यावं की नाही, हा व्यवहाराचा निर्णय लोकपाल सहसा बदलत नाही. अर्ज दाबून ठेवला, उत्तर दिलं नाही, नियम मोडला, अशा तक्रारीत मात्र दाद मिळू शकते. पोच आणि लेखी कारण जपून ठेवायचं ते यासाठीच.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. मूल अकरावीत गेलं की त्याच वर्षी सिबिलचा अहवाल काढा, थकबाकी मिटवा, फाईल लावायला घ्या. यंदाच नकार आला असेल, तर आज संध्याकाळी मुलीला शेजारी बसवा, हे पत्रक दोघांनी मिळून वाचा आणि तुमचा अर्ज वरच्या पाचांपैकी कोणत्या कारणावर अडला आहे, त्यावर पेन्सिलीनं खूण करा. नकार तिच्या हुशारीला नव्हता, तुमच्या इभ्रतीलाही नव्हता. तो एका कागदाला होता, आणि कागद पुरा करता येतो.